सुपाआडची आई

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी एका राज्यात एक चमत्कारिक रीत होती. ज्याला आपलं मूल पाठशाळेत घालायचं नसेल, त्याने ते खुशाल घरी शिकवावं. मात्र मुलाला तेरावं लागलं की चावडीवर त्याची परीक्षा व्हायची, आणि त्या वेळी शिकवणाऱ्याने तोंडासमोर सूप धरून बसायचं. हो, धान्य पाखडायचं साधं सूप! असं का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक हसत आणि सूप धरीत.

त्या राज्यातल्या एका गावात एक विधवा पुराणिकबाई राहत होती. बाई मोठी विद्वान. गणित म्हणा, नक्षत्रं म्हणा, झाडपाला म्हणा, सगळं जिभेच्या टोकावर. तिला एकच मुलगी. सहाव्या वर्षी तिला देवळातल्या पाठशाळेत घातलं होतं. एक दिवस बाई सहज डोकावली, तर साठ पोरं एका सुरात पाढे म्हणताहेत, गुरुजी डुलक्या घेताहेत, आणि आपली लेक शेजारणीच्या ओठांकडे बघून नुसतं तोंड हलवतेय! बाईला धक्काच बसला. “हे शिकणं म्हणायचं की पोपटपंची?” असं म्हणून तिने लेकीचा हात धरला आणि तडक घरी आणली.

तेव्हापासून घर हीच पाठशाळा झाली. सकाळी मुलगी परसातल्या झाडाचा बेल तोडून आणी. पूजा झाली की मायलेकी समोरासमोर बसत, गुडघ्याला गुडघा लावून. आई विचारी, मुलगी उत्तर देई. छडी नाही, ओरडा नाही. ‘चुकलं’ हा शब्द त्या घरात सात वर्षांत कुणी ऐकला नाही. पाहुणे तोंडात बोट घालत आणि बाईच्या अंगावर मूठभर मांस चढे.

तेरावं लागलं. चैत्रात राजाकडून परीक्षक आली. वाकलेली म्हातारी, हातात काठी. परीक्षेत जो उत्तीर्ण होणार नाही, त्याला राजधानीच्या गुरुकुलात पाच वर्षं पाठवत, आणि तोवर आईबापांना भेट नसे. बाईला त्याची फिकीर नव्हती. तिला राग आला होता तो सुपाचा.

“सूप कशाला, आजी? माझी मुलगी काय चोर आहे?”

“चोर कुणीच नाही गं बाळ. धर तू,” म्हातारी म्हणाली.

बाईने सूप धरलं. समोर नुसत्या बांबूच्या पट्ट्या.

“पोरी, सात आठे किती?”

बाई सुपाआड हसली. हे तर आठव्या वर्षी झालं होतं! पण उत्तर येईना.

“बरं, राहू दे. मृगानंतर कोणतं नक्षत्र?”

पुन्हा तेच. बाईच्या मनात आलं, पोरीला बरं नाही की काय?

“घाबरू नकोस,” म्हातारी म्हणाली. “घरी तर तू सगळं सांगतेस म्हणे. मग इथे काय झालं?”

मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, “घरी आई दिसते.”

“म्हणजे?”

“मी उत्तराला हळूच सुरुवात करते. बरोबर असलं की आईची डावी भुवई वर जाते, मग मी पुढे बोलते. चुकत असलं की ती खाली येते, मग मी लगेच बदलते. इथे सूप आहे.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईच्या पायाखालची जमीन सरकली. सात वर्षं! पाठशाळेत पोर शेजारणीच्या ओठांकडे बघत होती म्हणून तिला उचलून आणली, आणि घरी आणून तिला काय दिलं? आपली भुवई! गावातले सगळे अडाणी, शहाणी काय ती मीच, असं मिरवत होते मी. तिला सुपाआडून तोंड बाहेर काढायची लाज वाटली.

“नेऊ नका हो तिला,” ती आतूनच म्हणाली.

म्हातारी म्हणाली, “एक वर्ष देते. पुढच्या चैत्रात परत येईन. तेव्हा मात्र माझा नाइलाज होईल.”

दुसऱ्या दिवसापासून बाई मुलीकडे पाठ करून बसली. भिंतीकडे तोंड, पुढ्यात जातं. दळता दळता प्रश्न विचारी. पहिला महिनाभर मुलगी नुसती रडली. “आई, बरोबर आहे का ते तरी सांग!” बाईचा जीव तुटे, पण ती मागे वळत नसे. “तूच बघ. मोजून बघ, जाऊन बघ,” एवढंच म्हणे. हळूहळू मुलगी खडे मांडून मोजू लागली, रात्री अंगणात उताणी पडून तारे पाहू लागली, परसात तासन्‌तास रमू लागली. ती काय पाहते, हे मात्र बाईने विचारलं नाही. विचारलं तर वळून बघावं लागेल आणि चेहरा बोलेल, ही भीती.

चैत्र आला. म्हातारी आली. या वेळी बाईने न सांगता सूप धरलं.

सात आठे छप्पन झाले. मृगानंतर आर्द्रा आलं. पोर धडाधड सांगत होती आणि सुपाआड बाईचे डोळे भरून येत होते.

“आता शेवटचं. बेलाच्या पानाला दळं किती?”

“बहुतेक वेळा तीन,” मुलगी म्हणाली.

बहुतेक? बाईची भुवई झटकन खाली आली. तीनच! बापजाद्यांपासून तीनच! पण सूप मध्ये होतं आणि मुलगी पुढे बोलत होती.

“पण कधी चार असतात, कधी पाचही. मी पाहिलीत.” तिने बरोबर आणलेल्या पोथीत जपून ठेवलेलं एक पान काढून म्हातारीच्या हातावर ठेवलं.

बाईने सूप टाकलं आणि धावत पुढे आली. पान पाच दळांचं होतं. तिने तीनदा मोजलं. तीस वर्षं ती त्याच झाडाचा बेल देवाला वाहत होती.

“अगं, हे मला कधीच कसं दाखवलं नाहीस?”

“दाखवलं होतं,” मुलगी म्हणाली. “मी सात वर्षांची होते. तुझी भुवई खाली गेली. मग सापडलं की मी टाकून द्यायचे. पुष्कळ सापडली, आई.”

बाईने आठवून पाहिलं. तिला काही आठवेना, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

म्हातारी काठी टेकत उठली. “पोर घरीच राहील,” ती म्हणाली. “सूपही तुझ्याकडेच राहू दे.”

बाईने ते सूप घरी नेऊन जात्याजवळच्या भिंतीला टांगलं. पुढे लेकीबरोबर ती रोज परसात जाऊ लागली आणि तोडण्याआधी प्रत्येक पान मोजू लागली.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, लक्षात ठेवा: शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाचलेलं उत्तर शिकणाऱ्याचं कधीच होत नाही.