ठकू तांबटिणीचा कोंबडा

पाय घ्या पाहू पांघरुणात. हं. तर एकदा काय झालं, एका गावात सूर्यच उगवेना.

त्या गावात एकच कोंबडा होता, आणि तो आरवल्याशिवाय सूर्य डोंगरामागून वर यायचाच नाही. मोठा मानी सूर्य होता, बरं का. मग आला नदीला पूर. माणसं टेकडीवर चढली म्हणून वाचली, पण कोंबडा गेला वाहून. पूर ओसरला, तरी गावात आपलं झुंजुमुंजूच. घरं ओली, कपडे ओले, आणि पेरणीचं बियाणंसुद्धा ओलं. ऊन पडलं नाही तर ते कुजणार. मग वर्षभर खायचं काय?

गावात होती ठकू तांबटीण. भांड्यांचे पोचे काढायची, भोकं बुजवायची. ती म्हणाली, "कोंबडाच हवा ना? मी घडवते."

मग ती चिखलात हिंडली. चेपलेली घागर मिळाली, तिचं पोट केलं. मोडकी करवत मिळाली, तिचा तुरा केला. विळे मिळाले, त्यांचं शेपूट. आता गावाची रीत अशी, की पुरात सापडलेली वस्तू हातात धरून तीन वेळा विचारायचं, "कुणाचं हे?" धनी "ठेव" म्हणाला तरच ती आपली. ठकूनं सगळं विचारून घेतलं. शेवटी गळ्यात बसवायला एक घुंगरू मिळालं. ते मात्र तिनं गुपचूप बसवलं.

कोंबडा ऐटीत उभा राहिला. मान वर केली, चोच उघडली, आणि आवाजच नाही. मग लोकांनी त्याला चिंच लावून घासला, लखलखीत केला. आवाज नाही. मग दाणे टाकले. त्यानं टिपले, घागरीत खणखण वाजले, पण आवाज नाही. मग पोरांनी त्याच्यापुढे बसून आरवून दाखवलं. पोरांचे घसे बसले, तो आपला बघतोय.

घुंगरू कुणाचं ते ठकूला मात्र ठाऊक होतं. शेजारच्या सुगंधेच्या शेळीचं. आणि सुगंधेशी तिचा तीन वर्षं अबोला, तोही एका लिंबाच्या फांदीवरून! विचारायचं तर आधी बोलावं लागलं असतं ना.

बियाण्याला वास यायला लागला, तेव्हा ठकूनं घुंगरू काढलं आणि सुगंधेच्या दारात गेली. लाज वाटत होती, तरी तीन वेळा म्हणाली, "कुणाचं हे?"

सुगंधेनं घुंगरू हातात घेतलं आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्या चांदणीचं. वाहून गेली गं ती."

"मला ठाऊक होतं, सुगंधे. न विचारता घेतलं. चुकलं माझं."

"ठेव," सुगंधा म्हणाली. "निदान आवाज तरी कानावर पडेल. आणि दारात काय उभी? आत ये, गूळपाणी घे."

मग घुंगरू परत बसलं. कोंबड्यानं मान वर केली आणि आरवला, "कुकूच् बें!"

शेळीचं घुंगरू ना ते. सूर्याला असं हसू आलं, की मानपान विसरून तो धावतच वर आला. बियाणं खडखडीत वाळलं. आणि माझ्या आवाजात हे कोण ओरडतंय, म्हणून पल्याडच्या गावाहून चांदणी तरातरा चालत घरी आली. सुगंधा तिच्या गळ्यात पडून रडली, मग हसली. दोघी शेजारणींनी त्या फांदीच्या लिंबांचं लोणचं घातलं, अर्धं अर्धं वाटून घेतलं, आणि सगळं गाव सुखात राहिलं.

चला, मिटा डोळे. आणि सकाळी "कुकूच् बें" ऐकू आल्याशिवाय कुणी उठायचं नाही.