तबिथाने मागितलेलं रडू

पेरूच्या बागांमध्ये दडलेलं एक चिमुकलं गाव होतं. तिथे तबिथा आपल्या आईबरोबर एका खोलीच्या घरात राहायची. त्या वर्षी पावसाळ्यात तिचे पप्पा तापाने वारले, आणि आता नाताळ जवळ आला होता.

दारोदारी लाल, पिवळ्या, निळ्या चांदण्या लुकलुकत होत्या. आई लोकांच्या घरच्या करंज्या करून द्यायची. खमंग वास घरभर दरवळायचा, पण आईच्या स्वतःच्या ताटातला घास तसाच राहायचा. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. शेजारच्या मार्थाकाकू म्हणायच्या, "रूथ, प्रभूच्या जन्माचा सण आहे. डोळ्यांत पाणी आणू नकोस गं!" मग आई हसायची. ते हसू कागदाच्या फुलासारखं दिसायचं. तबिथाही तसंच हसायची, पण तिच्या छातीत दगड बसला होता.

एका सकाळी ती बागेत काटक्या वेचायला गेली. पात्यापात्यावर दवाचे इवले इवले मणी चमकत होते. तेवढ्यात बोरीच्या जाळीतून नाजूक आवाज आला, "ए पोरी, मला सोडवतेस का?"

बघते तर काय, बोटभर उंचीची परी! तिचे मोरपिशी पंख काट्यांत अडकले होते. तबिथाने हलक्या हाताने एकेक काटा बाजूला केला. बोटं ओरबाडली, रक्त आलं, पण तिने हात मागे घेतला नाही.

परी सुटली आणि धुक्यात सोनेरी कण उधळले. "गुणाची गं तू! एक इच्छा माग. पण गेलेलं माणूस मला परत आणता येत नाही. आणि जे मागशील, त्याची सुरुवात तुलाच करावी लागेल."

"माझ्या आईला हसरी कर," तबिथा झटकन म्हणाली.

"करते की. पण तिच्या आतलं दुःख तसंच राहील. चालेल?"

तशी तर आई रोजच हसत होती! तबिथा हळूच म्हणाली, "मग आईला पोटभर रडता येऊ दे. पण नाताळात रडलं, तर देवबाप रागावेल?"

परी अलगद तिच्या तळहातावर उतरली. "गोठ्यातलं ते बाळ थंडीत रडलं नसेल होय? मरियेने त्याला उराशीच धरलं ना? देवबापही तसंच धरतो, सोनुले."

तबिथा घरी आली तेव्हा आई पीठ मळत होती. तबिथा तिच्याजवळ जाऊन बसली. "आई, मला पप्पांची फार आठवण येते. मला हसून दाखवायचा कंटाळा आलाय."

आईचे हात थांबले. पिठाच्याच हातांनी तिने लेकीला जवळ ओढलं आणि हुंदके देऊन रडू लागली. तबिथाही रडली. आवाज ऐकून मार्थाकाकू धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "तुझं दुःख मला बघवत नव्हतं, म्हणून तुला गप्प करत राहिले." त्यांनी घरून गरम वरणभात आणला. आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. "यंदा जमेल तेवढंच करीन," ती म्हणाली. उरलेल्या करंज्या काकू लाटू लागल्या.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये गाणं सुरू झालं. मध्येच आईला रडू आलं. तिने तोंड लपवलं नाही. काकूंनी तिचा हात धरला. तबिथाने वर पाहिलं. रंगीत खिडकीच्या काठावर परी बसली होती. तिने पंख उघडले, कोवळं ऊन तिच्यातून आरपार गेलं आणि ती त्या उजेडातच मिसळून गेली.

आई तबिथाच्या कानाशी वाकली. "पप्पा असते ना, तर याच ओळीला बेसूर झाले असते!"

आणि ओल्या डोळ्यांनी ती खुदकन हसली.