बाल्टझरच्या विहिरीची वाटणी

विहीर तीस पुरुष खोल होती की चाळीस, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. गोष्ट ऐकूनच फार वर्षं झाली. काही चुकलं, तर चूक सांगणाऱ्याची, बाल्टझरची नव्हे.

जर्मन मुलखात आयखेनटाल नावाचं एक चिमुकलं संस्थान होतं. सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला परमुलखात पोचायचा, एवढंसंच. तिथला म्हातारा काउंट वारला आणि दोन मुलांत वाटणी निघाली. रीत आपल्यासारखीच: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. थोरला एबरहार्ट धास्तावला. एक वाटा तसूभर सरस झाला, तर धाकटा लुडोल्फ नेमका तोच उचलेल! म्हणून त्यानं जंगल निम्मं केलं, पाणचक्की निम्मी केली, आणि डोंगरमाथ्यावरच्या गावातल्या एकुलत्या एका विहिरीच्या बरोबर मधून हद्द काढून काठावर, रहाटाला लागून, हद्दीचा खांब ठोकवला.

ती विहीर बाल्टझरनं अकरा वर्षं खपून एकट्यानं खणली होती. आता रहाटाचा दांडा खांबाला अडू लागला, बादली वर येईना. शिपाई खांबाला हात लावू देईनात.

"रहाट थोरल्या सरकारांचा, पाणी धाकट्यांचं," बायका ओरडल्या, "मग तहान कुणाची, तेही लिहून द्या!"

असं म्हणतात, त्याच दिवशी पाणी आटू लागलं.

"रुसलीय," बाल्टझर म्हणाला. "मीच समजूत घालतो."

"बाबा, तुमचे गुडघे!" मुलगी म्हणाली.

"गुडघ्यांना कोण विचारतंय?"

भिंतीतल्या खोबणींत पाय रोवत तो उतरला. तळाच्या खडकाला त्यानं कान लावला, गोंजारलं, मग कुदळ मारली. असं म्हणतात, तिसऱ्या घावाला पाणी उसळलं ते थेट त्याच्या गळ्यापर्यंत. पाय गारठले, खोबणीत ठरेनात. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या विहिरीची भीती वाटली. रहाटाचा दोर कमरेला गुंडाळून त्यानं हाक मारली.

वर दांडा अडलेलाच. शिपाई एकमेकांची तोंडं पाहू लागले. हद्द पाहायला आलेले दोघे भाऊ तिथेच होते. धाकट्यानं मिठी मारून खांब उपटला, थोरल्यानं दांडा धरला.

"लुडोल्फ, ओढ!"

"ओढतोय, दादा!"

म्हातारा निथळत वर आला. "बरं झालं सरकार, दोघांनी ओढलं," तो म्हणाला. "एकट्यानं ओढलं असतं, तर अर्धाच आलो असतो."

तिथे पुन्हा खांब बसला नाही. अजूनही दरवर्षी त्या दिवशी हद्दीच्या दोन्हीकडचं एकेक माणूस मिळून रहाट फिरवतं. पहिला पेला गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला. त्यानं पिऊन "बाल्टझर, पोचलं" असं म्हटल्याशिवाय कुणी पाण्याला शिवत नाही.

पुष्कळ वर्षांनी त्या वाटणीचा, खांब उपटल्यावर नव्यानं काढलेला नकाशा पाहायला मिळाला. हद्दीची तांबडी रेघ माथ्यापर्यंत सरळ जाते, विहिरीपाशी थांबते, आणि तेवढी जागा कोरी सोडून पलीकडून पुन्हा सुरू होते.