शोधघराची पहिली ओळ

भर बाजारात हौसा दवंडीवालीची हलगी जप्त झाली! शिपायाने ती हिसकावली आणि वर ऐकवलं, "आता बोंबलणं बंद! सरकारांनी गोतावळा सुरू केलाय!"

चंदनपूरच्या चौकात महाराज चंडप्रतापांचं शोधघर होतं. खिडकीशी जायचं, "चांगलं तेल कुठे मिळेल?", "पोटदुखीवर वैद्य कोण?" असं काहीही विचारायचं, की आतला कारकून दहा नावांची चिठ्ठी हातावर ठेवायचा. लोक मात्र महाआळशी! पहिल्या नावाकडे सुटायचे. दुसरी ओळ वाचायचे कष्ट कोण घेतो? ज्याचं नाव गावात गाजे, त्याला कारकून वर चढवी, आणि नाव गाजवावं ते हौसानेच. तिची हलगी कडाडली की आठवड्याभरात दुकान चिठ्ठीत वर सरकलंच म्हणून समजा.

पण महाराजांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. परक्याच्या आरड्याओरड्यापेक्षा आपल्या माणसाची शिफारस बरी! त्यांनी नियम काढला. दुकान आवडलं, तर गिऱ्हाइकाने त्याच्या पाटीवर गेरूचा ठिपका द्यायचा आणि कारकुनाकडे नाव नोंदवायचं. तुमच्या ताटातलं जो जेवला, तो तुमच्या गोतावळ्यातला. तुम्ही खिडकीशी आलात, की तुमच्या गोतावळ्याने ठिपका दिलेलं दुकान सगळ्यात वर. गोतावळ्यातल्या कुणाचाच ठिपका नसेल, तर ज्याचे ठिपके जास्त, तो वर.

कल्पना तशी झकास होती. घोळ केला तो महाराजांच्या मेव्हण्याने. सरदार दुंदेरावांचं मिठाईचं दुकान होतं आणि हाताखाली फौज होती. एका सकाळी त्यांनी हुकूम सोडला, "रांगेत या, ठिपका द्या, चालते व्हा!" दहा हजार ठिपके पडले. शिपाई म्हणजे घरोघरचे मुलगे नि जावई, तेव्हा ज्याच्या त्याच्या चिठ्ठीत दुंदेराव पहिले! त्यांच्या लाडवांनी सुपारी फोडता आली असती, ही गोष्ट वेगळी. तिकडे पारूबाईच्या जाळीदार अनारशांना मिळाले अकरा ठिपके. पारूबाई हौसाची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, आणि तिने चुलीवरची कढई उतरवायचीच बाकी होती.

हौसा तडक दरबारात गेली.

"महाराज, तुमचा गोतावळा सोन्यासारखा आहे, पण ठिपके हुकमाचे आहेत!"

"खोटं!" दुंदेराव गरजले. "ही ओरडून पोट भरणारी बाई! हिचा धंदा बसला म्हणून जळतेय."

"बसलाच आहे, सरदार. खोटं कशाला बोलू?" हौसा म्हणाली. "पण पारूबाईच्या हाताची चव कुठे बसलीय?"

महाराज हट्टाला पेटले. आपल्या लाडक्या गोतावळ्यात खोट काढते म्हणजे काय! "तीन दिवस देतो. चौथ्या दिवशी मी स्वतः खिडकीशी उभा राहून मिठाईचं दुकान विचारीन. पहिलं नाव पारूबाईचं आलं, तर हलगी परत. दुंदेरावांचं आलं, तर या नगरीत पुन्हा हलगी वाजणार नाही. तुझीच काय, कुणाचीच! आणि लाच नको, खोटा ठिपका नको."

"किती ठिपके लागतील, महाराज?"

"दहा हजार एक!" दुंदेराव पोट धरून हसले.

दोन दिवस हौसा दारोदार फिरली. ठिपके झाले चौतीस. तिसऱ्या दिवशी ती पारूबाईकडे येऊन मटकन बसली. तिला रडूच आलं. गावातल्या साऱ्या दवंडीवाल्यांची चूल तिच्या जिभेपायी विझणार होती! पारूबाईने आपलं ताट पुढे सरकवलं. "जेव आधी. माझ्याच ताटात जेव. बघ, झालीस माझ्या गोतावळ्यातली!"

हौसाचा हात घासाशीच थांबला. "पारूबाई, महाराज कुणाबरोबर जेवतात हो?"

"कुणाबरोबर म्हणजे? एकटेच! राणीसरकारांचंसुद्धा ताट वेगळं. रिवाजच आहे तसा."

हौसा ताडकन उठली, डबाभर अनारसे घेतले आणि राजवाड्याच्या मुदपाकखान्याकडे धावत सुटली. परतली तेव्हा डबा रिकामा होता आणि ती वेड्यासारखी हसत होती. पारूबाईने पाटी पाहिली. एकच ठिपका वाढला होता. पस्तीस!

चौथ्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज खिडकीशी वाकले. "चांगली मिठाई कुठे मिळेल?"

कारकुनाने वही उघडली आणि घाम पुसत चिठ्ठी दिली. पहिली ओळ: पारूबाई, अनारसेवाली!

"फितुरी!" दुंदेराव किंचाळले. "माझे दहा हजार कुठे गेले?"

"आहेत की, सरदार," हौसा म्हणाली. "पण त्या दहा हजारांतल्या एकाने तरी महाराजांच्या ताटातला घास खाल्लाय का? तुम्ही तरी खाल्लाय?"

"महाराजांच्या ताटातला घास कोण खाईल?"

"मी!" गर्दीतून आवाज आला. महाराजांचं जेवण विषासाठी आधी चाखून बघणारा शिदोबा पुढे आला. "वीस वर्षं रोज पहिला घास माझा, महाराज! पण मेलो की जगलो याच विचारात चव कधी कळलीच नाही. काल या बाईंनी अनारसा दिला, तो मी जन्मात पहिल्यांदा न भिता खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं बघा! आपल्या पायांनी जाऊन ठिपका दिला."

"नियम तुमचाच आहे, महाराज," हौसाने हात जोडले. "मला दहा हजार एक नकोच होते. तुमच्या ताटातला एकच हवा होता!"

महाराज असे खदखदा हसले, की मुकुट कानावर आला! "वा गं हौसा! माझ्याच नियमाने मलाच गुंडाळलंस! दुंदेराव, फौज उभी करा आणि सगळे हुकमी ठिपके पुसून घ्या. सुरुवात तुम्हीच करा!"

पारूबाईने महाराजांसाठी अनारशांचं ताट वाढलं. महाराजांनी हात घातला, तोच शिदोबा ओरडला, "थांबा, आधी मी!" त्याने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा उचलला. "अजून पुरती खात्री होत नाही, महाराज!"

"पुरे, चोरा!" महाराजांनी उरलेला अनारसा वाचवला आणि अर्धा तोंडात टाकला. त्यांचे डोळेच मिटले. हलगी तर त्यांनी हौसाला परत दिलीच, पण हातातला उरलेला अर्धा आपल्या ताटात ठेवून ताट तिच्यापुढे धरलं. "खा!"

हौसाने खाल्ला. कारकुनाने कुणी न सांगताच वहीत महाराजांच्या गोतावळ्याच्या पानावर शिदोबाखाली हौसाचं नाव लिहिलं, आणि दिवेलागणीच्या आत चंदनपुरातले झाडून सगळे दुकानदार हौसाच्या दारात रांग लावून उभे होते.