राखणदारांची हुंगणी

पूर्वी वेत्रपूर नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या अरण्यात रानडुकरांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव सुदंष्ट्र. तो कळपाच्या राखणदारांचा नायक होता, आणि मुस्ता नावाची त्याची लेक पाच पिलांची आई होती.

त्या कळपाची एक रीत होती, तिला हुंगणी म्हणत. रोज सकाळी राखणदार झुडपांच्या प्रत्येक जाळीत जाऊन लहानथोरांच्या नाकाला नाक लावत आणि परका वास हुडकत. रानात कुठे मढे दिसले तर तेही राखणदारच खाऊन टाकत, म्हणजे त्या वासावर वाघ यायला नको. "आम्ही गिळलेलं परत उठत नाही," असे ते छाती काढून सांगत आणि कळप निर्धास्त झोपे.

एका शिशिरात ओढ्याकाठी एक परके डुक्कर मरून पडले. घोणक नावाच्या राखणदाराने चार सोबत्यांना घेऊन ते रीतीप्रमाणे फस्त केले. आठ दिवस गेले आणि कळपात मरण शिरले. आधी अंग तापे, मग कान जांभळे पडत, मागचे पाय लटपटत, की आटोपलेच. पहिल्या दिवशी दोघे गेले, तिसऱ्या दिवशी नऊ. सगळ्यांची पाचावर धारण बसली. मुस्ता पिलांना पोटाशी घेऊन पडून राही. पान सळसळले तरी ती दचके, आणि उठून एकेकाचे कान बघे.

भ्यालेल्यांना जे सुचते तेच कळपाला सुचले. राखण वाढवा! हुंगणी दिवसातून तीनदा होऊ लागली, आणि मरणेही तिपटीने वाढली.

सुदंष्ट्र मात्र बघत होता. घोणकाच्या खांद्यात बोरीचा काटा रुतला होता. असला काटा एरवी चार दिवसांत पिकून आपोआप बाहेर पडायचा. आता दहा दिवस होऊनही जखम उघडीच होती, आणि तिच्या कडा काळ्या पडत चालल्या होत्या. दुसरीकडे कळपातली एक भांडकुदळ डुकरीण राखणदारांना जाळीत पाऊलही टाकू देत नसे, आणि तिची पिले टुणटुणीत उड्या मारीत होती. या दोन गोष्टी जुळल्या तेव्हा मरण कोण पसरवतंय ते सुदंष्ट्राला उमगले.

मुस्तेच्या जाळीची हुंगणी तो स्वतः करी. त्या सकाळी तो वीस पावले अलीकडेच थांबला.

"आबा, या ना," मुस्ता म्हणाली. "पोरं वाट बघतायत."

"नको, पोरी. काल मी घोणकाची जखम चाटलीय. कळपाला जसे राखणदार असतात, तसे देहालाही असतात. ते रक्तातून हिंडतात आणि परकं दिसलं की गिळतात. हा रोग त्यांना चुकवत नाही. त्याला गिळलं जायचंच असतं, कारण तो गिळणाऱ्याच्या पोटातच वाढतो. घोणकाच्या आतले राखणदार असेच संपलेत, म्हणून त्याचा काटा निघत नाही. आणि आम्ही बाहेरचे राखणदार तोच रोग नाकानाकाला लावत दारोदार फिरलो. कुंपणच शेत खातंय, मुस्ते."

मुस्तेने पिलांना जवळ ओढले. "मग आता?"

"आम्ही सगळे राखणदार टेकडीपलीकडे जातो. परत यायचं नाही."

त्याच्यामागे गोळा झालेले राखणदार कुरकुरले. "आपण गेलो तर वाघ येईल," घोणक म्हणाला.

"वाघ एकाला नेईल. आपण सगळ्यांना नेतोय," सुदंष्ट्र म्हणाला आणि सर्वांच्या पुढे चालू लागला.

तेवढ्यात मुस्तेची पाचही पिले जाळीतून सुटली. रोजच्यासारखे नाकाला नाक लावायला ती आजोबांकडे धावली. मुस्ता जिवाच्या आकांताने ओरडली, पण ऐकतो कोण! दहा पावले उरली, मग पाच. सुदंष्ट्र गर्रकन वळला. ज्याने कधी पिलांवर साधा आवाज चढवला नव्हता, त्याने सुळे रोखले, माती उधळली आणि भयंकर गुरगुरत त्यांच्या अंगावर चाल केली. पिले किंचाळत मागे पळाली. सर्वांत धाकटे तर थरथरत आईच्या पोटाखाली घुसले.

सुदंष्ट्राने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि तो टेकडी चढून गेला.

पलीकडे राखणदार एकेक करून मेले. सुदंष्ट्र नवव्या दिवशी मेला. इकडे वाघाने एक म्हातारे डुक्कर नेले. पण पुढच्या अमावास्येपर्यंत रोगाने होणारी मरणे थांबली. मुस्तेची पाचही पिले वाढली, आडदांड झाली. तरी आजोबांचे नाव निघाले की ती अंग चोरत. मुस्तेने परोपरीने समजावले, पण त्यांच्या मनातली ती भीती कधीच गेली नाही.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची मुस्ता ही आजची भिक्षुणी भद्रवती, आणि घोणक हा आजारी बंधूंची शुश्रूषा करणारा भिक्षू सुमनक. ती पाच पिले इथेच, तुमच्यात बसली आहेत. त्यांना भिववून कायमचा निघून गेलेला सुदंष्ट्र मी होतो. आपल्या माणसांनी आपल्याला वाईट म्हटले तरी चालेल, पण ती जगली पाहिजेत, असे ज्याला वाटते त्याच्या ठायी करुणा आहे."