फडातला आवाज

"बुवा, आवाज धुता येतो का?"

शमुवेलबुवा चर्चच्या पायरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांची सगळी हयात ख्रिस्ती कीर्तनात गेली. विचारणारी सगुणा साळवे लहानपणी त्यांच्याकडेच भजनं शिकली होती. पुढे ती तमाशात गेली आणि लोक तिच्या लावणीला तंबू डोक्यावर घेऊ लागले.

"कशानं मळला?"

"बावीस वर्षं लावणीच गायले, बुवा. आता फड सोडला. परवा नगरला येशूच्या भजनांचं रेकॉर्डिंग आहे. पण गळ्यातली लावणी काही जात नाही... ती गेली नाही, तर मी गाणार नाही. नाही म्हणून कळवून टाकते."

"म्हणून दाखव."

सगुणेनं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि ती अगदी हळू, जपून गायली. सूर कुठे हलला नाही. खरं सांगायचं तर झोप यावी असं गाणं होतं ते.

बुवा उठले. अंगण ओलांडून, फाटकाबाहेर जाऊन थेट रस्त्यापलीकडे उभे राहिले.

"आता म्हण!"

ती गायली. बुवांनी कानामागे तळवा धरला.

"ऐकू येत नाही!"

तिनं आवाज थोडा चढवला.

"नाहीच येत!"

आता मात्र बाई चिडली. ऐकू येत नाही असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिचा एक हात आपोआप कानावर गेला, दुसरा वर उठला, आणि भजन खणखणीत बाहेर पडलं. येशूचं नाव पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेलं. गिरणीवाला पांढऱ्या भुवयांनी दारात आला. नळावरच्या बायांनी हंडे खाली ठेवले.

भजन संपलं.

बुवा डोळे पुसत आत आले. इतकं सुख त्यांना कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

सगुणेचा चेहरा मात्र पडला होता.

"बघा... तोच आला. फडातला. देवाला हा आवाज कसा चालेल?"

बुवा हसले.

"पोरी, बावीस वर्षं देव तुझ्या तंबूबाहेर कनातीला कान लावून उभा होता. आता त्याला आत बोलावतेस, तर ओळखीच्या आवाजात बोलव."