गमते का?

"...मग चूक कुठं आहे, भन्ते?"

उत्पला खोब्रागडेनं कागद पुढं सरकवला. विहारासमोरच्या तलावावर धुकं होतं. शिंगाडे काढणाऱ्यांच्या डोंग्या दिसत नव्हत्या. नुसतं पाण्यात वल्हं पडल्याचं ऐकू येत होतं.

ती याच गावची. लहानपणी या विहारात भन्ते रेवतांपुढं बसून गाथा शिकलेली. आता नागपुरात मानसशास्त्र शिकवायची. माणसाचा स्वभाव मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली तिनं मराठीत आणली होती.

"भाषांतर अचूक आहे," ती म्हणाली. "माझं मराठी दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घेतलं. शब्दाला शब्द जुळला."

"मग?"

"या गावात कोणी धड उत्तर देत नाही. इथले कागद बाद करा, असं आमचे विभागप्रमुख म्हणतात. मलाही तेच वाटतं. लोकांना प्रश्नच कळत नाहीत."

"एक वाच."

"मला एकटं राहणं पसंत आहे. सहमत, की असहमत?"

भन्तेंनी मान वळवून मागं पाहिलं. मागं भिंत होती.

"कोणाला विचारलंस?"

"तुम्हाला, भन्ते."

"असं होय..."

उत्पला जरा चिडली. "म्हाताऱ्या काय म्हणतात सांगू? 'एकट्याले कुठं गमते, बाई?' आता हे कोणत्या रकान्यात लिहू? गमणं म्हणजे करमणं. पसंत असणं वेगळं, करमणं वेगळं. मी 'उत्तर नाही' असं लिहून टाकलं."

"करमण्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

ती मनात शब्द शोधू लागली.

"...तसा शब्द नाही."

"तू भरलीस ही?"

"सगळ्यांच्या आधी. मूळ इंग्रजीतली, शिकत होते तेव्हा." तिचा आवाज ताठ झाला. "एकांतप्रिय निघाले. कळलं ते बरंच झालं. तेव्हापासून एकटी राहते. आई यायचं म्हणत होती. तिला सांगितलं, माझा स्वभावच तसा आहे, तू गावीच बरी."



धुकं पायऱ्या चढून वर आलं. एक डोंगी अगदी जवळून गेली असावी. पाण्यावर कोणीतरी गुणगुणत होतं, मग तेही विरलं. तलाव कुठं संपतो आणि आभाळ कुठं लागतं, ते कळेना.

भन्ते उठले. आपली चटई त्यांनी तिच्या शेजारी आणून टाकली. बसले. आणि गावच्या बोलीत, हळूच म्हणाले,

"उत्पला... तुले गमते का तिथं?"

ती कागदाचा कोपरा दुमडत राहिली, उलगडत राहिली.

"...नाई गमत, भन्ते."

ही बोली तिच्या तोंडून कितीतरी वर्षांनी निघाली होती.

मग तिनं डोळे पुसले आणि कागदावरचं एकटं राहण्याचं ते वाक्य खोडलं. त्याच्या जागी दुसरं लिहिलं नाही.

"बाद नाही करत," ती म्हणाली. "पुन्हा जाते सगळ्यांकडं. आधी आईकडं."

भन्तेंनी मान हलवली.

ती उठली, दोन पायऱ्या उतरली, थांबली. धुक्यात भन्तेंचं चीवर तेवढं दिसत होतं.

"भन्ते... तुमी इतके वर्सं इथं एकटे. तुमाले गमते?"

"कोणी इचारलं, का मंग गमते."